प्रत, छाप की मुद्राचित्र?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचक बाईंनी विचारलंय. त्यांनी आजच्या एका चित्रकाराचं स्क्रीनप्रिंट विकत घेतलं. खालच्या समासात पेन्सिलीनं डावीकडे १७/५०, उजवीकडे सही. सासरे म्हणाले, "ही तर प्रत झाली. मूळ चित्र कोणाकडे आहे?" बाईंना तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. मराठीत याला प्रत म्हणायचं, छापील चित्र म्हणायचं की आणखी काही, आणि पावतीवर लिहिलेली 'मर्यादित आवृत्ती' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का, असे त्यांचे दोन प्रश्न.

सासरेबुवांचं काही चुकलं नाही. 'प्रत' म्हटलं की 'कशाची?' हे ओघानं येतंच. सातबाऱ्याची प्रत, दाखल्याची सत्यप्रत. प्रत्येकीच्या मागे कुठंतरी एक अस्सल कागद असतो. पोथ्यांच्या काळी प्रतीला मान होता खरा, पण तेव्हाही प्रती ताडून बघायच्या त्या मूळ पाठाच्या शोधातच. म्हणजे हा शब्द वापरला की मूळ दुसरीकडे आहे हे आपणच कबूल करून बसतो.

स्क्रीनप्रिंटच्या मागे असा कागद नसतो. चौकटीवर जाळी ताणलेली असते. पूर्वी रेशमाची, आता बहुतेक पॉलिएस्टरची. जिथं रंग नको तिथली छिद्रं बुजवतात आणि रबरी पट्टीनं, कार्यशाळेत जिला स्क्वीजी म्हणतात तिनं, रंग जाळीतून खालच्या कागदावर ओढतात. साधारणपणे एका रंगाला एक जाळी. सात रंग असतील तर तोच कागद सात वेळा जाळीखाली जातो, दर वेळी वाळवून, कोपऱ्यातल्या खुणांवर बरोबर जुळवून. एखादी जाळी केसभर सरकली तर दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट दिसते आणि तो कागद बाद होतो. चित्रकाराकडे कच्चं रेखाटन असेल, प्रत्येक रंगाची वेगळी पारदर्शक फिल्म असेल, पण या रंगांतलं हे चित्र पहिल्यांदा घडतं ते या कागदांवरच. तीन दस्तांवर अंगठा उठवला तर त्यातला मूळ ठसा कुठला, असं कोणी विचारत नाही. तिन्ही मूळ.

उलट उदाहरण आपल्या गावातच आहे. राजा रविवर्म्यांनी गायकवाडांसाठी रंगवलेली तैलचित्रं लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात बघायला मिळतात. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोचल्या. त्या तसबिरींमागे रंगवलेलं चित्र होतं, म्हणून त्यांना प्रत म्हटलं तर बिघडत नाही. कॅनव्हासचा फोटो काढून इंकजेटवर छापतात आणि खाली आकडा घालून विकतात, तीही प्रतच. स्वच्छ मराठीत प्रतिकृती. इंग्रजी 'प्रिंट' हा शब्द अशी प्रतिकृती आणि वरचं स्क्रीनप्रिंट या दोन्हींना पोटात घेतो आणि विकणाऱ्याची सोय होते. मराठीनं तरी ती करू नये. भिंगातून पाहिलं तर फरक कळतो. इंकजेटमध्ये वेगवेगळ्या रंगांचे बारीक तुषार दिसतात. स्क्रीनप्रिंटमध्ये रंगाचा सलग थर असतो, कागद तिरपा धरला की कडेला किंचित उंचवटाही जाणवतो.

ही अडचण मराठीपुरती नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीला न्यूयॉर्कमध्ये चित्रकार या तंत्राकडे वळले, तेव्हा ते पोस्टर नि पाट्या छापणाऱ्यांचं समजलं जाई. त्यापासून वेगळं दिसावं म्हणून 'सेरिग्राफ' हा शब्द घडवला गेला, रेशमासाठीचा लॅटिन शब्द आणि लिहिण्यासाठीचा ग्रीक शब्द जोडून. पुढे अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलनं जाहिरातीचंच रूप मुद्दाम उचललं आणि त्या सोवळेपणाची गरज उरली नाही.

मग आपण काय म्हणावं? 'ठसा' मला आवडतो, पण ज्यानं उठवायचं तो लाकडी ठोकळाही ठसाच आणि उठतो तोही ठसाच. 'छाप' जास्त नेमका. बडोद्याला तर तो परका नाही. इथं १९९९ पासून 'छाप' याच नावाची मुद्राचित्रकारांची, म्हणजे जाळी, ठोकळा किंवा पत्र्यावरून चित्रं छापणाऱ्यांची, कार्यशाळा आहे, आणि गुजरातीतही हा शब्द रोजच्या वापरातला. मात्र मराठीत अनेकवचनाला घोटाळा होतो: एक छाप, दोन छापा! 'प्रदर्शनात वीस छापा पडल्या' म्हटलं तर पोलीस आले की काय असं वाटेल. म्हणून कलाप्रकाराला आणि अनेकवचनी 'मुद्राचित्र', आणि हातातल्या एका कागदाबद्दल बोलताना 'छाप', असा माझा कौल. बाईंनी सासऱ्यांना सांगावं, "प्रत नाही, छाप आहे. अशा पन्नास आहेत आणि पन्नासही मूळच."

'मर्यादित आवृत्ती' व्याकरणानं ठीक आहे, पण मर्यादा किती ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वॉरहॉलच्या १९६७ च्या मॅरिलिन संचातल्या प्रत्येक चित्राची आवृत्ती २५० ची. ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीच्या फुगेवाल्या मुलीच्या स्क्रीनप्रिंटच्या १५० सहीच्या आणि ६०० बिनसहीच्या निघाल्या. तिन्ही मर्यादितच म्हणायच्या. शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब असे, म्हणजे मजकूर इथं संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये. अपूर्णांकातला खालचा ५० हेच काम करतो. आवृत्ती पुरी झाली की जाळी धुऊन मोकळी करतात.

वरच्या १७ ला मात्र फार महत्त्व देऊ नका. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं थेट कोरलेलं चित्र छापताना पत्रा झिजतो, म्हणून तिथं सुरुवातीच्या छापांना भाव. जाळीचं तसं नाही, शिवाय सात वेळा वाळवणीला जाऊन आलेल्या गठ्ठ्यात आधीचा-नंतरचा क्रम राहीलच असं नाही. आकड्याऐवजी 'ए.पी.' असेल तर ती चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेली छाप. 'बी.ए.टी.' हे फ्रेंच शब्दांचं संक्षिप्त रूप, अर्थ 'छापायला हरकत नाही'. चित्रकारानं पसंत केलेला हा नमुना समोर ठेवून बाकीची आवृत्ती काढतात. याला मराठी नाव हवंच असेल तर शिक्कामोर्तबाची छाप म्हणा.

पावतीवर चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, 'स्क्रीनप्रिंट', कागदाचं माप, '५० पैकी १७' आणि ए.पी. वेगळ्या किती, एवढं लिहून मागा. फ्रेमवाल्यालाही बजावून ठेवा. त्याला समास कापून चौकट घट्ट बसवायची फार हौस असते, आणि आकडा नि सही नेमकी त्याच समासात असते. समास शाबूत ठेवायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचं नाही, आणि काच छापेला टेकू नये म्हणून मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला पुठ्ठा, घालायचा. नाहीतर आपल्या पावसाळ्यात रंग काचेला धरतो.

आकडा वाचायचा कसा, हेही बाईंनी जाता जाता विचारलंय. दुकानात 'सतरा बाय पन्नास' म्हणतात, ते चालेल. घरी 'पन्नासातली सतरावी' म्हणा.