ॲपमध्ये सगळं लावलंय, तरी दर महिन्याला काहीतरी सुटतंच

मी समुपदेशक आहे, आणि ही तक्रार हल्ली माझ्याकडे खूप येते. पूर्वी लोक म्हणायचे लक्षात राहत नाही, आता म्हणतात रिमाइंडर लावूनसुद्धा राहून जातं, आणि त्याच्या मागोमाग येणारं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, की ॲप असूनही जमत नसेल तर मग माझ्यातच काहीतरी बिघाड आहे. म्हणून एक केस सांगते. ज्याची आहे त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिशी ओलांडलेला मुलगा, एका ऑफिसात ॲडमिनचं काम बघणारा. अतिशय नीटनेटका, बोलताना समोरचं पेन पण सरळ करून ठेवणारा. तो आला तोच स्वतःवर शिक्का मारून. "मॅडम, माझी मेमरी गेलीये. घरचे म्हणतात तुला काही सांगून उपयोग नाही, साहेब म्हणतात तुमच्यावर सोडलं की राहतंच." महिन्याच्या शेवटी एक रिपोर्ट पाठवायचा असायचा, तो वर्षात चार-पाच वेळा राहिला होता. आईच्या गोळ्या संपल्यावरच कळायचं. पाण्याचा फिल्टर, कॉम्प्युटरचा बॅकअप, असली बारीकसारीक कामं तर विचारूच नका. आणि हे सगळं ॲपमध्ये लावलेलं होतं हं, रंगबिरंगी लेबलं लावून.

आता विसरण्याची तक्रार घेऊन कुणी आलं की आधी काही गोष्टी विचारून घ्याव्याच लागतात. झोप कशी आहे, मन उदास असतं का, कुठली औषधं चालू आहेत, बोलता बोलता विषय निसटतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होतं का, लहानपणापासून असंच आहे की आत्ता सुरू झालं. झोप पुरेशी नसली, डिप्रेशन असलं, थायरॉईड किंवा बी-१२ चं काही असलं तरी स्मरणावर परिणाम होतो, आणि लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यावी, ते काम डॉक्टरांचं. या मुलाच्या बाबतीत तसं काही दिसलं नाही, डॉक्टरांकडेही तो आधीच जाऊन आला होता. रोजची कामं चोख, आठवड्याची पण चोख. राहायची ती फक्त महिन्याची. मला तिथेच जरा शंका आली, कारण मेमरी अशी हिशोबाने जात नाही ना.

मी त्याला म्हटलं, रिपोर्ट नक्की कुठल्या कुठल्या महिन्यात राहिला ते आठवतंय का? आठवायची गरजच नव्हती, साहेबांच्या मेल त्याने जपून ठेवल्या होत्या (लोक स्वतःविरुद्धचे पुरावे किती निगुतीने सांभाळतात!). फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर. मी कागदावर लिहिले आणि कागद त्याच्यासमोर सरकवला. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्याने फोन काढला, ते काम उघडलं, रिपीट कधी तर दर महिन्याला ३१ तारखेला. आणि एप्रिलचं पान उघडलं तर तिथे काहीच नाही, रिकामं.

त्या महिन्यांत रिमाइंडर आलेलंच नव्हतं! तो विसरला नव्हता, त्याला कुणी आठवणच केली नव्हती.

हा बिघाड नाही बरं का, हा नियम आहे. कॅलेंडर सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात त्यासाठी एक प्रमाण ठरलेलं आहे, २००९ सालचं आरएफसी ५५४५, त्यात स्पष्ट म्हटलंय की जी तारीख त्या महिन्यात नसेलच ती सोडून द्यायची. म्हणजे ३१ तारखेचं काम वर्षात बाराऐवजी सातदाच येतं, ३० चं अकरा वेळा, २९ चं लीप वर्ष नसेल तर तेही अकराच. पुढे २०१५ मध्ये अशी तारीख मागे किंवा पुढे सरकवायची सोय कागदोपत्री आली, पण सगळी ॲप्स ती वापरतात असं नाही. आउटलुकसारखं एखादं तुम्हाला आधीच सांगतं की छोट्या महिन्यात शेवटच्या दिवशी धरेन, काही ॲप्स गपचूप गाळतात. त्याला म्हणायचं होतं महिनाअखेर, आणि त्याने टाइप केलं होतं ३१. माणसाला या दोन्हीचा अर्थ एकच वाटतो, सॉफ्टवेअरला नाही.

मग तुम्ही म्हणाल की ॲपने नाही सांगितलं तरी माणसाला स्वतःला आठवायला नको का, महिना संपतोय हे दिसत नाही का? हाच प्रश्न त्यालाही खात होता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं, हे आपण सगळे अनुभवतो. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला, त्यात असं दिसलं की काम पूर्ण झालेलं नसलं तरी ते कधी कसं करायचं याची पक्की योजना केली की ते टोचणं थांबतं. म्हणजे योजना झाली की मन हात झटकून मोकळं होतं. एरवी हे वरदानच आहे, पण योजनेतच भोक असेल तर काय होणार, मन निवांत आणि ॲप पण निवांत. हा मुलगा जितका काटेकोरपणे सगळं ॲपमध्ये टाकत होता तितकं त्याचं मन त्या कामांवरचा पहारा सोडत होतं, आणि आपण त्याला निष्काळजीपणा म्हणत होतो. त्यात महिन्याचं काम मुळातच अवघड जागी बसतं. रोजच्या कामाची सवय होते, वर्षाच्या कामाचा गाजावाजा होतो, आणि महिन्याचं काम ना सवयीत बसतं ना त्याला काही खूण असते. वेळेवरून आठवायचं काम हे एखादी गोष्ट समोर दिसल्यावर आठवण्यापेक्षा कठीण जातं, स्मरणावर काम करणारे लोक हे बऱ्याच वर्षांपासून सांगताहेत.

मग आम्ही त्याची एकेक कामं उघडून बघायला लागलो. समुपदेशनाच्या खोलीत हे काय चाललंय असं कुणाला वाटेल, वाटू दे, माझ्या मते ज्या गोष्टीवरून माणूस स्वतःला रोज शिव्या घालतोय ती उघडून बघणं हेही समुपदेशनच आहे.

गोळ्यांचं बघा. पाकिटात ३० गोळ्या, रोज एक, रिमाइंडर दर १ तारखेला. ३१ दिवसांचा महिना आला की शेवटच्या दिवशी गोळी नाही, कारण पाकीट महिन्याने नाही, दिवसांनी संपतं. हे काम महिन्याचं नाहीच, ते दर अमुक दिवसांनी असं लावायला हवं, आणि ३० नाही तर २८, म्हणजे दोन दिवस हातात राहतात. उलट काही लोक महिन्याचं काम दर ४ आठवड्यांनी लावतात, मग ते वर्षात बाराऐवजी तेरा वेळा येतं आणि तारीख भलतीकडे जाते. दोन्हीकडे गल्लत एकच, फक्त दिशा वेगळी.

फिल्टर आणि बॅकअपची गंमत अजून वेगळी होती. फिल्टर लावला होता १ तारखेला. १ ला जमायचं नाही, करायचा २४-२५ ला, टिक केलं की पुढच्या १ ला हे परत हजर. आठवड्यापूर्वी तर साफ केला, म्हणून तो न करताच टिक करायचा, आणि न करता टिक करायची एकदा सवय लागली की ती एका कामापुरती राहत नाही. अशा कामाला पुढची तारीख ही काम केल्याच्या दिवसापासून मोजायला हवी, बऱ्याच ॲपमध्ये ती सोय असते, टोडोइस्ट नावाच्या ॲपमध्ये तर एव्हरी (every) या शब्दाला लागूनच शेवटी नुसतं उद्गारचिन्ह दिलं की होतं. आणि बॅकअपला नेमकं हेच लावून ठेवलं होतं, म्हणजे दर वेळी तीन दिवस उशीर झाला की तारीख तेवढी सरकत जायची, वर्षभरात महिन्याहून जास्त घसरून एक अख्खी फेरी गायब! ज्या कामाला बाहेरून कुणीतरी तारीख दिलीये, ऑफिसने म्हणा, बँकेने म्हणा, ते तारखेला खिळलेलं पाहिजे. ज्याला फक्त अंतर महत्त्वाचं आहे ते केल्यापासून मोजायचं. एवढंच, पण त्याच्या यादीतली निम्मीअधिक कामं उलट्या खान्यात होती.

रिपोर्टची तारीख आम्ही महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस अशी करून टाकली, काही ॲपमध्ये तसा पर्याय मिळतो, पण लक्षात ठेवा, सॉफ्टवेअरला शनिवार-रविवार कळतो, तुमच्या ऑफिसची सुट्टी कळत नाही. शिवाय मी विचारलं की रिपोर्ट करायला वेळ किती लागतो, तर म्हणे आकडे मागवायलाच दोन दिवस जातात. मग शेवटच्या दिवशी रिमाइंडर येऊन फायदा काय? त्याचे दोन तुकडे केले, २५ तारखेला आकडे मागवणे, शेवटच्या कामाच्या दिवशी पाठवणे. पंचवीस तारीख प्रत्येक महिन्यात असते ना!

वेळेचंही तसंच. सगळी रिमाइंडर सकाळी नऊला, कारण ॲपने आपणहून नऊ दिले होते आणि त्याने तसेच राहू दिले. नऊला हा रस्त्यात असायचा. फोन वाजला की अंगठ्याने बाजूला सारायचा, नंतर बघू, आणि ते नंतर काही यायचं नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात मांडलेली एक साधी गोष्ट मी नेहमी सांगते, की अमुक झालं की मी तमुक करीन असं बांधून ठेवलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा होतं. म्हणून ऑफिसची कामं खुर्चीत बसल्यावर, घरची कामं घरी पोचल्यानंतर, आणि कामाच्या नावातच काय करायचं ते. नुसतं 'बॅकअप' असं लिहिलं होतं त्याऐवजी 'बॅकअपमधली एक फाईल उघडून बघणे'.

राहिला तो लाल ढीग. ओव्हरड्यू, म्हणजे तारीख उलटून गेलेली. पन्नासच्या वर कामं लाल रंगात, त्यातली कितीतरी एकाच कामाच्या मागच्या तारखा, कारण त्याच्या ॲपमध्ये राहिलेली प्रत्येक तारीख वेगळी साचायची. त्यामुळे तो ॲप उघडायचंच टाळायचा. न उघडल्याने अजून साचायचं. मी म्हटलं मागचं सगळं बंद करा, नवीन पान. तो तयारच होईना. "मॅडम, हे म्हणजे न करता केलं असं दाखवणं झालं." अहो पण मार्चमध्ये न धुतलेला फिल्टर आता मार्चमध्ये जाऊन धुणार आहात का? हसला, पण डिलीट करताना हात अडखळत होता, दोन कामं तर त्याने परत आणली. त्या ढिगाला तो शिक्षा समजत होता आणि शिक्षा मध्येच माफ झालेली त्याला झेपत नव्हती. यावर आमचा बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता, कारण रिपीटचा नियम बदलायला दहा सेकंद लागतात पण 'मी बेजबाबदार आहे' हे वाक्य असं बदलत नाही.

पुढचे काही महिने रिपोर्ट वेळेवर गेला, जूनमध्येही गेला. गोळ्यांचा प्रश्न मिटला. फिल्टर अजून मागेपुढे होतो, होऊ दे.

एक काम मात्र शेवटपर्यंत राहिलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी सहा, मोठ्या भावाला फोन. नियम बरोबर, वेळ बरोबर, रिमाइंडर दर महिन्याला न चुकता आलेलं, आणि दर महिन्याला त्याने ते पुढे ढकललेलं. तिथे सॉफ्टवेअरचा काही संबंध नव्हता. ते आम्ही ॲपमधून काढलं आणि आमच्या बोलण्यात घेतलं, ते अजून चालू आहे म्हणून त्याबद्दल इथे नाही लिहीत. पण तुमच्याही यादीत असं एखादं काम असेल, सगळं बरोबर असून महिनोन्महिने ढकललं जाणारं, तर त्याची वेळ बदलत बसू नका, ते का नको वाटतंय ते कुणाशी तरी बोला.

आणि कुठलं ॲप घ्यावं हे मला विचारू नका, जे हाताशी आहे ते चालतं. फक्त आज एक खोटं काम टाका, ३१ तारखेचं, दर महिन्याला रिपीट, आणि पुढे जाऊन फेब्रुवारी आणि एप्रिलची पानं उघडून बघा. ते तिथे दिसतंय की गाळलंय, कितव्या तारखेला दिसतंय, आणि टिक केल्यावर पुढचं कधी येतं. मग तुमची खरी महिन्याची कामं एकेक करून तशीच तपासा, जी राहतात त्यांच्यापासून सुरुवात करा.