आधी खूण शोध

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घरी आजोबा म्हणतात, हवामान पूर्वीही बदलायचं. कॉलेजात सांगतात, माणसानंच बदललं. आणि तू 'दोघांचंही थोडं थोडं खरं असेल' असं लिहून मोकळा झालास. हे मला रुचलं नाही. दोन मतांच्या मधोमध उभं राहिलं म्हणून खरं हाती लागत नाही. कारण वेगळं, तर खूण वेगळी. ती खूण शोध.

आजोबांचं वाक्य खोटं नाही. हिमयुगं आली नि गेली, पण पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या संथ फरकांनी, हजारो वर्षं घेऊन. इथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तापमानात एका अंशाहून जास्त वाढ झाली आहे. मग सूर्य म्हणावा, तर 1978पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजताहेत आणि ती तापमानासोबत चढलेली नाही. सूर्य तापला असता तर हवेचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचं स्थितांबर थंड होतंय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असंच होईल, हे मानाबे आणि वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी 1967 सालीच गणितानं दाखवलं होतं.

हा वायू आला कुठून? ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या एक टक्काही नाही. त्याहून पक्की खूण खुद्द कार्बनमध्ये आहे. कार्बनचे अणू कमी-जास्त वजनाचे असतात: 12, 13 आणि 14. झाडं हलका कार्बन-12 जास्त घेतात, आणि कोळसा-तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे सजीव. कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, म्हणून त्यांच्यात तो उरलेलाच नाही. ते जाळले की हवेतलं कार्बन-13 आणि कार्बन-14चं प्रमाण घटणार, तसं ते घटतंय. जळताना प्राणवायू खर्च होणार, तोही घटतोय. समुद्रातून वायू सुटला म्हणावं, तर समुद्रातला कार्बन कमी व्हायला हवा. तो वाढतोय आणि पाणी आम्लाकडे झुकतंय.

हिशेबही घालून बघ. इंधनातून वर्षाला सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो. दर 7.8 अब्ज टनांनी हवेतलं प्रमाण दशलक्षात एका भागानं वाढतं. म्हणजे पावणेपाच भाग वाढायला हवेत, वाढतात साधारण अडीच. उरलेलं समुद्र आणि झाडं गिळतात. माणूस जेवढं सोडतो त्याच्या निम्म्यानंच वाढ होत असेल, तर निसर्ग इथे भर घालत नाही, उलट उचलतोय. यानंतरही 'थोडं थोडं' म्हणशील?

एवढा कडकपणा कशाला, असं तुला वाटेल. पण 'सगळं हवामान बदलामुळेच' म्हणणाराही मला तितकाच खटकतो. किनारा खचला की जेटी कुठे बांधली, वाळू किती उपसली, खारफुटी कोणी तोडली हे आधी बघ. चिपळूणच्या 2021च्या पुरात पाऊस प्रचंड होताच, पण वाशिष्ठीतला गाळ आणि भरतीची वेळही हिशेबात धरावी लागते. 2020चं निसर्ग वादळ एकटं काहीच सिद्ध करत नाही. अरबी समुद्र तापला की वादळांना बळ मिळतं, एवढं म्हणता येतं. एक कच्चं उदाहरण दिलंस की आजोबा बाकीची पक्कीही बाजूला सारतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

आमच्या पिढीनं हापूसच्या पेट्यांचा हिशेब पै-पैचा ठेवला. मोहोर कधी आला, पाऊस किती पडला, याच्या वह्या मात्र नाहीत. म्हणून आज घरोघरी आठवणींवर भांडण चालतं. ही खंत मला सोडत नाही, आणि तुझ्यावर चिडतो तो त्यामुळेच. तू वही घाल. तिच्यातून कारण कळणार नाही, बदल झाला की नाही ते कळेल. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू नकोस.

खळ्यात पर्जन्यमापक ठेव, माडाखाली किंवा पत्र्याच्या कडेला नको. जवळची भिंत जेवढी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतरावर. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास 20 सेंटिमीटर असेल तर 314 मिलिलिटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. खाली दहा लिटरचा कॅन लाव. 200 मिलिमीटरच्या दिवशी सव्वासहा लिटर जमतं. पाच लिटरचा कॅन भरून वाहील आणि सगळ्यात मोलाची नोंदच खोटी ठरेल. नळीच्या तोंडाशी जाळी बसव, पानं अडकतात. रोज सकाळी साडेआठला मोज. हवामान खातंही त्याच वेळी मोजतं, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून बघता येतात. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिही, जागा कोरी सोडू नकोस. कोऱ्या जागेवरून पाऊस पडला नाही की तू मोजला नाहीस, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.