ऑफिसमधून घरी आल्यावरही डोक्यात कामच घोळत राहतं, रात्री झोप लागत नाही. काय करावं?
आधी संध्याकाळचा चहा बघा. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे सहाचा कडक चहा अकरालाही अंगात असतो. शेवटचा कप दुपारी तीनच्या आत घ्या. बाकी उपाय नंतर, आधी हे कराच.

उद्याची कामं झोपण्यापूर्वी कागदावर उतरवा. अंथरुणात पडल्यावर 4 आकडे मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके मंदावतात. पाचेक मिनिटं पुरेत.

दोन-तीन आठवडे असंच चाललं, तर डॉक्टरांना भेटा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर एक दिवसही अंगावर काढू नका. सरकारच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं.