बर्फासाठी गाडी निवडताना आधी टायर पाहा

आपण विचारले आहे की जानेवारीत टोरांटोच्या उत्तरेला राहायला जायचे असल्यामुळे ऑल-व्हील ड्राइव्हची (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी) एसयूव्हीच घ्यावी, की साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह (फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी) सेदान पुरेल. सेदान पुरेल, वाचलेल्या पैशांतून विंटर टायरांचा चांगला संच घ्यावा.

हा वाद आमच्या घरात अनेक हिवाळे चालू आहे. आम्ही टोरांटोच्या उत्तरेला बॅरी शहरात राहतो, जिथे जॉर्जियन बे या मोठ्या उपसागरावरून येणाऱ्या हिमवाऱ्यांमुळे तासाभरात रस्ता दिसेनासा होतो. माझी कोरोला सेदान पाहून माझे थोरले दीर दर वेळी म्हणत, "ही डबी बर्फात चालवायची नसते, वहिनी." त्यांची स्वतःची एसयूव्ही मोठी आणि चारही चाकांना ताकद देणारी, पण टायर मात्र ऑल-सीझन, म्हणजे बारमाही. एका नाताळच्या सुट्टीत आम्ही दोन गाड्यांतून बाजारातून परतत होतो. आमच्या गल्लीच्या उतारावर स्टॉपच्या पाटीपाशी मी थांबले, आणि आरशात पाहते तो भावोजींची गाडी घसरत सरळ माझ्यावर येत होती. शेवटच्या क्षणी ती उजवीकडच्या बर्फाच्या ढिगात घुसली म्हणून माझ्या मागच्या सीटवरची मुले वाचली. ब्रेक पूर्ण दाबलेला होता, पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) खरखर जाणवत होती, हे त्यांनीच सांगितले. तरीही दोष त्यांनी उताराला दिला. त्याच उतारावर मी विंटर टायरांवर थांबले होते.

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला जागेवरून हलवते. थांबवण्याचे काम प्रत्येक गाडीत चारही चाकांचे ब्रेकच करतात, आणि त्या ब्रेकना पकड देतो तो टायर. तापमान ७ अंशांच्या खाली गेले की ऑल-सीझन टायरचे रबर कडक होऊ लागते, विंटर टायरचे मऊ राहते आणि त्यावरचे बारीक काप बर्फ धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह पाहूनच घ्यावे. नुसत्या एम आणि एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या अक्षरांवर भिस्त ठेवू नये. शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. टोरांटो ज्यात येते त्या ऑन्टारियो प्रांतात सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते, तेव्हा "खर्च परवडत नाही" ही भावोजींची सबब मला कधीच पटलेली नाही.

मात्र आपले घर चढावर असेल किंवा सकाळी बर्फ हटवणारा नांगर न फिरणाऱ्या आडरस्त्यावर असेल, तर खोल बर्फात सेदानचे पोट टेकते. तिथे उंच, ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी, आणि तिलाही विंटर टायरच बसवावेत. जुना संच घेणार असाल तर खाचांची खोली मोजून घ्यावी. झिजून खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या आसपास उरलेला टायर बर्फासाठी वापरू नये.