आधी कागद, मग पैसा

प्रिय बाळ,

‘मावशी, वसुलीवाल्यांना पाच हजार टोकन भरतो आणि कटकट मिटवतो,’ हा तुझा मेसेज वाचून मला राहवलं नाही. कर्ज कुणाचं? बाबांच्या २०११ सालच्या क्रेडिट कार्डाचं. ते म्हणतात, तेव्हाच तडजोड करून भरलं. तू जामीनदार नाहीस, तुझी कुठे सही नाही. बापाच्या कर्जाला मुलगा आपोआप बांधला जात नाही. बापामागेसुद्धा वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच. मग तुझ्या पगारातले पाच हजार कशासाठी?

कागद माग. मूळ करार, शेवटचा भरणा कधी झाला ते दाखवणारा खातेउतारा, आणि बँकेकडून दुसऱ्या कंपनीने खातं विकत घेतलं असेल तर त्याचं हस्तांतरणपत्र. बँका थकीत खाती गठ्ठ्याने विकतात, आणि फोन करणाऱ्या पोरापुढे बहुतेकदा नाव, नंबर आणि रकमेची यादी एवढंच असतं. म्हणून तो ओरडतो. तू ओरडू नकोस, ‘लेखी पाठवा’ म्हण आणि फोन ठेव.

आता मुदतीचं नीट समजून घे. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा विनातारण कर्जासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. त्या तीन वर्षांच्या आत कर्जदाराने सही करून कर्ज कबूल केलं, किंवा थोडी रक्कम लेखी नोंदीसह भरली, की मुदत नव्याने सुरू होते. मुदत टळल्यावर नुसत्या भरण्याने ती परत येत नाही. पण ‘मी हे पैसे देईन’ असं लिहून सही दिली, तर करार कायद्याच्या कलम २५प्रमाणे तो नवा करार होतो. टोकनापाठोपाठ हाच कागद येतो, बाळा! (तारण कर्ज किंवा कोर्टाचा जुना हुकूमनामा असेल तर मुदत वेगळी. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१खाली मिळणाऱ्या वसुली दाखल्यालाही हे गणित असं सरळ लागू होत नाही.)

आमच्या दादाकडून अशीच सही घेतली होती. दुकानाचं जुनं, वादातलं कर्ज. माणूस संध्याकाळी घरी आला, चहा प्यायला, ‘फक्त शिल्लक कळवल्याचा कागद आहे’ म्हणाला. खाली बारीक अक्षरात हप्त्यांचं वचन होतं. मी दारात उभी होते. थोरल्या भावापुढे बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. दादाने पुढे कित्येक वर्षं ते हप्ते फेडले. ती संध्याकाळ मला अजून सलते.

म्हणूनच यांच्या जुन्या कार्डाचे फोन सुरू झाले तेव्हा मी हटून बसले. नणंदा म्हणाल्या, ‘वहिनी, दहा हजार तोंडावर मारा, अब्रू जाईल.’ जाऊ दे म्हटलं. खरं देणं मी बुडवलं नसतं, पण कागदाशिवाय एक रुपया नाही. आजही कुणी मला हट्टी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. घर अशाच हट्टाने वाचतं.

तू पाठवलेली ती ‘फायनल लीगल नोटीस’ पाहिली. तराजूचं चित्र, लाल अक्षरं, पुसट शिक्का. ना केस नंबर, ना कोर्टाचं नाव. ‘उद्या पोलीस येतील’ म्हणे! साध्या थकबाकीसाठी पोलीस येत नाहीत. चेक न वटल्याची केस निराळी. पण खरं समन्स आलं तर घरी बसू नका. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर केस नंबर तपासा, वकील घ्या, तारखेला हजर राहा. मुदतबाह्य दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळायचा असतो हे खरं, पण गैरहजेरीत एकतर्फी हुकूम होऊ शकतो.

सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तारीख, वेळ, नंबर वहीत लिही. आधी बँकेकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. बाबांचा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढ. त्यात चुकीची नोंद असेल तर तिथेही लेखी हरकत घे.

आणि बाबांवर चिडू नकोस. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची पावती कोण सांभाळतं? तरी माळ्यावरची ट्रंक उघड. त्या काळातली पासबुकं, चेकबुकांचे काउंटरफॉइल, बँकेची पत्रं, सगळं पिशवीत भर आणि रविवारी बाबांना घेऊन जेवायलाच ये. बँकेला पाठवायचं पत्र आपण इथेच बसून लिहू. तोवर कशावरही सही नको, त्यांची नाही आणि तुझीही नाही.

तुझी,
मावशी