कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा पार्ट) किती लवकर चार्ज होणार हे कशावर ठरतं? व्होल्टेज वाढवलं तर लवकर भरतो का?

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण गोंधळ तिथंच होतो. माझं बेळगावात उद्यमबागेजवळ पंपाचे स्टार्टर पॅनल आणि त्यातले बोर्ड दुरुस्त करायचं काम आहे, आणि शिकायला येणारी पोरंबी हेच विचारतात, "सर बारा व्होल्ट लावलं तर पटकन भरतंय की?"

नाही भरत. म्हणजे कसं, व्होल्टेज जास्त दिलं की सुरुवातीचा करंट जास्त जातो हे खरं, पण भरायचंसुद्धा जास्त असतं ना, मग हिशोब बरोबरीत सुटतो. वेळ ठरवतात दोघंच, वाटेतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, आणि कॅपॅसिटरची कपॅसिटी. दोन्हीचा गुणाकार (ओहम गुणिले फॅरड) केला की सेकंद मिळतात, त्याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात. दहा किलोओहम आणि हजार मायक्रोफॅरड घेतलं तर 10 सेकंद. एवढ्या वेळात तो 63 टक्के भरतो, तिप्पट वेळात 95 टक्के, पाचपट वेळात 99 च्या वर, आणि मग आपण भरला असं धरून चालतो. घरच्या टाकीत फ्लोट वॉल्व असतो बघा, पहिली अर्धी टाकी भराभर भरते आणि शेवटची चार बोटं भरायला जीव जातो, तसंच काहीसं. कॅपॅसिटरमधलं व्होल्टेज चढत जातं तसा सप्लायबरोबरचा फरक कमी होतो आणि करंट आटत जातो.

घरी करून बघा, महाग नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, हेच दोन पार्ट, एक मल्टिमीटर आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. दहाव्या सेकंदाला मीटर 5.7 च्या आसपास दिसायला पाहिजे, थोडा पुढंमागं होणार कारण असल्या मोठ्या, इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कॅपॅसिटरवर लिहिलेली किंमत वीस टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं असू शकते. दुसऱ्यांदा करताना आधी पूर्ण डिस्चार्ज करा, मी एकदा विसरलो आणि दोन व्होल्टवरनं सुरुवात झाली, मग आकडे का जुळत नाहीत म्हणून अर्धा तास डोकं खाजवत बसलो.

अजून एक गंमत. रेझिस्टर एक मेगओहमचा आणि कॅपॅसिटर दहा मायक्रोफॅरडचा घेतला, गुणाकार तोच, 10 सेकंद. पण मीटर आठ-सव्वाआठवर जाऊन थांबला, नऊ काही दाखवेना. बॅटरी चांगली, कॅपॅसिटर नवीन. शेवटी लक्षात आलं, मीटरचाच आतला रेझिस्टन्स दहा मेगओहम, म्हणजे मोजणाराच एका बाजूनं गळती करालाय! त्यामुळे मोठे रेझिस्टर वापरताना मीटर सारखा लावून ठेवू नका.

व्होल्टेजचा फरक कुठं पडतो तर ठरलेल्या आकड्याला पोचायचं असेल तिथं. समजा तुमचं सर्किट 5.1 व्होल्टला चालू होतं. वरच्याच पार्टांनी नऊ व्होल्टवर तिथं पोचायला साधारण 8.4 सेकंद लागतात, बारा व्होल्टवर साडेपाच. म्हणजे "व्होल्टेजनं फरक पडतो" म्हणणारा आणि "पडत नाही" म्हणणारा दोघंही बरोबर, प्रश्न वेगळा आहे एवढंच. 555 टायमर आयसी म्हणूनच मला आवडतो, कॅपॅसिटर सप्लायच्या दोन तृतीयांशाला पोचला का एवढंच तो बघतो, मग सप्लाय खालीवर झाला तरी वेळ जवळजवळ तीच राहते. 1972 पासून बाजारात आहे आणि अजून पोतंभर खपतो.

आणि रेझिस्टर नाहीच लावला तर? तरी शून्य वेळ लागत नाही, बॅटरीचा, वायरीचा आणि कॅपॅसिटरचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतोच. फक्त करंट एवढा धाडकन जातो की मोठ्या कॅपॅसिटरवर ठिणगी उडते आणि वाटेत डायोड असेल तर तो जातो. इन्व्हर्टरमधले चारशे व्होल्टवाले तर सप्लाय काढल्यावरबी हात लावू नका, आधी बल्ब लावून रिकामे करा.

जुना झाल्यावर काय होतं ते सांगतो. मागं यळ्ळूरचे एक मामा ऑटो स्टार्टर घेऊन आले, "लाईट आली की लगेच मोटर उचलालीय ओ, टायमर थांबतच नाही." तो टायमर मुद्दाम ठेवलेला असतो, लाईट आल्या आल्या सगळ्यांचे पंप एकदम उठले तर ट्रान्सफॉर्मरवर लोड येतो. आत 555, बावीस किलोओहम आणि 470 मायक्रोफॅरड, गुणाकार 10.3, आणि दोन तृतीयांशाला पोचायला त्याच्या 1.1 पट, म्हणजे अकरा सेकंद थांबायला पाहिजे. कॅपॅसिटर काढून मोजला तर 90 मायक्रोफॅरडच्या आसपास, उन्हात पत्र्याच्या पेटीत राहून आतून वाळलेला, म्हणून दोन सेकंदात भरून मोकळा. नवीन, 105 डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारा टाकला, मामांनी हातातलं घड्याळ बघत सेकंद मोजले, अकराला रिले (विजेवर चालणारा स्विच) टक् करून वाजला तेव्हा पैसे काढले.