पीस तोच ठेव, बाकी सगळं बदल

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज वाचला आणि मग झोपच लागली नाही, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत लिहायला बसलोय. चौदा सेकंदांची चाल पाठवलीस आणि खाली लिहिलंस, 'काका, मित्र म्हणतात बिस्किटाच्या जाहिरातीसारखं वाटतंय, दोनदा करून बघितलं, प्रोजेक्टच डिलीट करतेय, नवीन काहीतरी सुरू करते.' डिलीट केलं नसशील तर आधी हात आवर. केलं असशील तर रीसायकल बिनमधून काढ आणि मग पुढचं वाच.

जाहिरातीसारखं वाटतंय म्हणे! तुला नॉर्वेच्या आ-हा बँडचं 'टेक ऑन मी' माहीत आहे, जिममध्ये, लग्नाच्या डीजेवर, कुठेतरी ऐकलंच असशील. सुरुवातीला सिंथवर जो उड्या मारत जाणारा पीस, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, येतो ना, तो माग्ने फुरुहोल्मेनला सुचला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता, पंधराएक वर्षांचा, ऑस्लोच्या बाजूचा. तो आणि पॉल वाक्तार यांचा 'ब्रिजेस' नावाचा बँड होता, द डोअर्स या रॉक बँडच्या प्रेमात पडलेली गंभीर तोंडाची पोरं, आणि त्यांना हा पीस इतका गोड, इतका हलका वाटायचा की त्यांनी त्या गाण्याचं आपसातलं नाव च्युइंगमच्या ब्रँडवरून ठेवलं होतं, 'जूसी फ्रूट साँग'. म्हणजे तुझे मित्र आज जे बोलले तेच ते स्वतःच्या गाण्याला म्हणत होते. फरक एवढाच की त्यांनी ते टाकलं नाही.

त्यांनी काय केलं ते नीट बघ, कारण मला तुला एवढंच सांगायचंय. पीस तोच ठेवला आणि बाकी सगळं बदललं. आधी त्याच पिसावर 'मिस एरी' नावाचं गाणं होतं, शब्द वेगळे, मुखडा वेगळा. ब्रिजेस मोडला. मग गायक मॉर्टेन हार्केट आला, त्याने पीस ऐकला आणि त्याला तो लगेच आवडला (बाहेरचा कान किती कामाचा असतो बघ, पण तो कान गाणाऱ्याचा होता, रील स्क्रोल करणाऱ्याचा नव्हता). त्या पिसाचं आता 'लेसन वन' नावाचं गाणं झालं, आणि हे तिघं, म्हणजेच आ-हा, लंडनला गेले, खिशात पैसे नाहीत, राहायला धड जागा नाही. मॉर्टेनचा आवाज किती लांब जातो हे कळल्यावर पॉल आणि माग्नेने मुखडाच नवा बांधला, खर्जातून सुरू होणारा आणि पायरी पायरीने चढत शेवटचा सूर खोट्या आवाजात नेऊन ठेवणारा. अडीच सप्तकांच्या वर पल्ला आहे त्या गाण्याचा. आज जो मुखडा अख्खं जग गायला जातं आणि फाटतं, तो त्या पिसाबरोबर जन्मलेला नाही, नंतर आलाय. तुझ्या चालीला मुखडा नाही म्हणून ती मेली असं तू ठरवलंस. मुखडा शोधायचा असतो गं.

बरं, पुढे. 1983च्या शेवटी वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, टोनी मॅन्सफिल्ड नावाच्या निर्मात्याने रेकॉर्डिंग केलं, फेअरलाइट वापरून, तेव्हाचं फार महागडं, संगणकावर चालणारं सिंथ. 1984मध्ये रेकॉर्ड आलं. नॉर्वेत थोडं चाललं, ब्रिटनमध्ये कुणी विचारलं नाही. इथे तू थांबली असतीस. मी तर थांबलोच होतो, त्यावर येतो. त्यांनी अ‍ॅलन टार्नीबरोबर परत रेकॉर्ड केलं, लिनड्रम या ड्रम मशीनचा ठेका, पिसाला रोलंड जूनो-60 हे सिंथ, मॉर्टेन परत गायला. पीस? तोच. 1985मध्ये हे दुसरं रेकॉर्डिंग आलं आणि ब्रिटनमध्ये तेही पडलं! दोन वेळा पडलं, आणि दुसऱ्यांदा पडलं ते तर आज तू ऐकतेस तेच रेकॉर्डिंग. हे वाक्य दोनदा वाच.

मग अमेरिकेतल्या वॉर्नरच्या लोकांनी मनावर घेतलं आणि दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनकडून नवा व्हिडिओ करवून घेतला, तो पेन्सिलचा, कॅफेत बसलेली मुलगी कॉमिकमध्ये ओढली जाते तो. मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांनी शूट केलेल्या फिल्मवरून सुमारे 3,000 चित्रं हाताने काढली, सोळा आठवडे लागले. सोळा आठवडे! तू परवा म्हणालीस, एका गाण्यावर तीन आठवडे गेले आता कंटाळा आला. ऑक्टोबर 1985मध्ये गाणं अमेरिकेत एक नंबरला, तिसऱ्यांदा काढल्यावर ब्रिटनमध्ये दोन नंबरला, पुढच्या वर्षी एमटीव्हीची सहा बक्षिसं, आणि 2020मध्ये यूट्यूबवर शंभर कोटी व्ह्यूज पार.

तू म्हणशील व्हिडिओमुळे चाललं. हो, व्हिडिओमुळे लोकांनी बघितलं, ते मी नाकारत नाही. पण पहिल्या रेकॉर्डलाही व्हिडिओ होताच, साधा. आणि 2017मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या गिस्के बेटावर तेच गाणं अगदी संथ करून गायलं, ना ड्रम मशीन, ना सिंथची चमक, तिघंही पन्नाशी पार केलेले, आणि ऐकताना गळा दाटून येतो. ते ऐक, फोनच्या स्पीकरवर नाही, हेडफोन लावून. चाल खरी असेल तर अंगावरचे कपडे कितीही वेळा बदल, माणूस तोच राहतो.

आता माझं. तुला हे कधी सांगितलं नाही. 1993ला मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग लग्नसराई, टेम्पोत ऑक्टोपॅडच्या पेटीवर डोकं टेकून झोपायचं. एका रात्री कराडजवळ टेम्पो बंद पडला आणि रस्त्याकडेला बसलो असताना एक पीस सुचला, आठ मात्रांचा, शेवटी कोमल निषादावर लचकणारा. सगळ्या ग्रूपला पाठ झाला होता. एका कॅसेट कंपनीत ऐकवला तर तिथला माणूस म्हणाला पीस बरा आहे पण ठेका बदला, बाईचा आवाज घ्या, कडवं लहान करा. मी म्हटलं, एक मात्रा बदलणार नाही. ताठ मानेने उठून आलो आणि कित्येक वर्षं त्या ताठपणाचा अभिमान बाळगला. अगं, तो माणूस पिसाला हात लावत नव्हता! तो बाकीचंच बदला म्हणत होता. आणि मी हट्ट धरला तो ठेक्याचा, कडव्याचा, ज्यांची काही किंमत नव्हती, आणि जो धरायचा तो पीसच रागाच्या भरात सोडून दिला. परत कधी वाजवला नाही.

लोक म्हणतात, याच्यात धमक नव्हती. होती. मोठी मुलगी पहिलीत होती, आईचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून दोनदा मिरजेला न्यायचं, एका कार्यक्रमाचे पाचशे मिळायचे, परत परत डेमो करायला स्टुडिओचं तासाचं भाडं कुठून आणायचं? मी चुकलो असं मला नाही वाटत, त्या परिस्थितीत कुणीही तेच केलं असतं. पण तुझी परिस्थिती ती नाही. तुझ्याकडे लॅपटॉप आहे, त्यात जूनोचा आवाज देणारा प्लगइन फुकट मिळतो, रात्री दोनला हेडफोन लावून तू विसाव्यांदा तेच गाणं करू शकतेस आणि कुणी भाडं मागायला येत नाही. मग तुला कंटाळा करायचा हक्क कुणी दिला? रागावतोय असं वाटेल. रागावतोयच.

आणि ते 'व्ह्यूज आले नाहीत' परत लिहू नकोस मला. दोन दिवसांत चाळीस लोकांनी चौदा सेकंद ऐकलं, यावरून चालीचं काहीच कळत नाही.

तुझ्या चालीबद्दल आता नीट सांगतो, सहा-सात वेळा ऐकली. पहिले चार सूर फार चांगले आहेत, जे मित्रांना बिस्किटासारखे वाटले तेच. ते हलवायचे नाहीत. ठेका जड झालाय, किक ड्रम अर्धा काढ. लय मिनिटाला 100 ठोक्यांच्या आसपास ठेवलीयस, एकदा 130ला नेऊन बघ, एकदा 70ला. तू वरच्या पट्टीत ओरडतेयस, तुझा खालचा आवाज मी तुझ्या ताईच्या लग्नात ऐकलाय, त्यातून सुरू कर आणि मग चढ. शब्द सगळे काढ, नुसतं ला-ला वर मुखडा शोध. पंधरा दिवस तेवढंच.

रविवारी दुपारी ये, काकू थालीपीठ करणारेय. हार्डडिस्क आण. मीही माळ्यावरून एक कॅसेट काढून ठेवलीये, प्लेअर चालतोय का बघायचाय, आणि चालला तर तो कोमल निषाद तूच ऐकून सांग, बाकीचं काय बदलायला हवं होतं ते.